केप ऑफ गुड होपपर्यंत हद्द असलेलं चर्च

गोव्याच्या सहलीत जुन्या गोव्याच्या वाट्याला फार तर तासभर येतो. बस थांबते, गाइड हात वर करून माणसं तांबड्या बॉम जीझस बॅसिलिकेकडे वळवतो, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीचं दर्शन होतं. मग रस्ता ओलांडून समोरच्या पांढऱ्या इमारतीपुढे एक ग्रुप फोटो. ‘हेपण चर्चच आहे’ असं म्हणत मंडळी शहाळ्याच्या गाडीकडे निघतात.

ती पांढरी इमारत म्हणजे से कॅथेड्रल. झेवियरची कीर्ती मोठी, यात वाद नाही. पण हुकूम चालायचा तो या पांढऱ्या इमारतीचा. कॅथेड्रल म्हणजे बिशपची गादी असलेलं चर्च. एकेकाळी इथल्या गादीची हद्द आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केप ऑफ गुड होपपासून थेट चीनपर्यंत होती. मोझांबिकमधल्या पाद्रीचा साहेब इथे बसायचा. आफ्रिकेतल्या राजधान्यांमध्ये आज जी मिशनऱ्यांची जुनी कॅथेड्रल्स पाहायला प्रवासी जातात, ती बहुतेक एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली. दार-ए-सलामचं सेंट जोसेफ कॅथेड्रल जर्मनांनी १८९७ ते १९०२ या काळात बांधलं. मोझांबिकच्या राजधानीतलं, मापुतोचं कॅथेड्रल तर १९४४ सालचं. आफ्रिकेतल्या मिशनांचा फार आधीचा अध्याय वाचायचा तर जुनं गोवं गाठावं. खानदेशातून ते अवघडही नाही. धरणगावहून भुसावळ, तिथून गोवा एक्स्प्रेसने मडगाव आणि पुढे पणजीमार्गे बस.

हे चर्च ज्या संताच्या नावाचं आहे, ती संतही आफ्रिकेतली. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा जिंकून घेतला तो २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आणि तो दिवस होता अलेक्झांड्रियाच्या सेंट कॅथरीनचा. अलेक्झांड्रिया इजिप्तमधलं. विजय तिच्या सणाला मिळाला म्हणून पहिलं साधंसुधं देऊळ तिच्याच नावाने उभं राहिलं. पुढे ते वाढवलं गेलं. तेवढ्यानेही समाधान झालं नाही. १५३४ च्या पोपच्या फर्मानाने गोव्याला बिशप मिळाला होता, पुढे आर्चबिशप आला, आणि पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखाची राजधानी म्हणून शहराचा थाट वाढत चालला होता. या थाटाला शोभेल असं काहीतरी हवं होतं. पोर्तुगालचा राजा सेबास्तियाव याच्या काळात, १५६२ मध्ये, नव्या इमारतीला हात घातला गेला. मुख्य काम संपायला १६१९ उजाडलं, अभिषेक झाला १६४० मध्ये, आणि वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ लागलं. म्हणजे नव्वद वर्षं. ज्यांनी पाया खणला त्यांच्या नातवंडांनीही ते पूर्ण झालेलं पाहिलं असेल की नाही, शंकाच आहे.

लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी ५५, दर्शनी भिंतीची उंची ३५. आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चमध्ये त्याची गणना होते. आकडे वाचून काही वाटत नाही. दारातून आत गेल्यावर मान आपोआप वर होते, तेव्हा कळतं. बांधणाऱ्यांना हेच हवं होतं. मांडवी नदीत गलबतातून उतरणाऱ्या माणसाला इथे राज्य कोणाचं आहे हे कुणी सांगायची गरज पडू नये.

पण दगड मात्र इथलाच, जांभा. सच्छिद्र दगड हा; कोकणचा पाऊस त्यात मुरतो आणि तो हळूहळू झिजतो. म्हणून वरून चुन्याचा गिलावा. खानदेशात धाब्याच्या घरावर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, तसाच हा दरवर्षीचा जिव्हाळ्याचा प्रश्न. समोरच्या बॉम जीझसचा गिलावा गेल्या शतकात काढून टाकला गेला, म्हणून ती तांबडी दिसते. फोटोत ती जास्त देखणी येते हे खरं. पण उघड्या पडलेल्या जांभ्याची काळजी आज जाणकार करतात ती उगाच नाही.

आता आफ्रिकेकडे वळू. गोव्यातल्या जेझुइटांचा प्रमुख गोन्सालो द सिल्व्हेरा १५६० मध्ये आफ्रिकेकडे निघाला. आजच्या झिंबाब्वेच्या परिसरात तेव्हा मुतापा राजाचं राज्य होतं. सिल्व्हेराने राजाचा बाप्तिस्मा केला, आणि थोड्याच दिवसांत, १५६१ मध्ये, दरबारातल्या संशयाने त्याचा जीव घेतला. मोझांबिकचा धार्मिक कारभार गोव्याकडून वेगळा झाला १६१२ मध्ये. सरकारी कारभार त्याहून खूप उशिरा, १७५२ मध्ये. तोवर मोझांबिकच्या अधिकाऱ्यांच्या फायली, तक्रारी, नेमणुका, सगळं मांडवीच्या काठी यायचं.

इथिओपियाचा किस्सा तर मराठी वाचकाने लक्षात ठेवावा असा. तिथल्या सम्राटाला रोमच्या पंथात आणण्यासाठी पोर्तुगालमधून निघालेल्या मंडळींबरोबर एक छापखाना होता. १५५६ मध्ये मंडळी गोव्याला पोहोचली. इथिओपियाचा नेमलेला पॅट्रिआर्क जुआंव नुनिश बारेतो याला तिकडे जायची वाट मिळालीच नाही. तो गोव्यातच राहिला आणि १५६२ मध्ये इथेच वारला. यंत्रही इथेच राहिलं. भारतातली छपाई सुरू झाली ती अशी, इथिओपियाच्या नावाने निघालेल्या यंत्रावर. गोव्याला ही विद्या लागली, आणि साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ सासष्टीतल्या रायतूर इथे छापलं गेलं.

हा सगळा व्याप केवळ श्रद्धेचा नव्हता. यान हाउखेन फान लिन्सखोटेन नावाचा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता, आर्चबिशपचा चिटणीस म्हणून. परत गेल्यावर १५९६ मध्ये त्याने आपलं प्रवासवर्णन छापलं आणि पोर्तुगीजांच्या समुद्री वाटांची गुपितं सगळ्या युरोपला वाटून टाकली. त्याच पुस्तकात शहराच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचं वर्णन आहे. कापड, मसाले, घोडे, आणि त्यांच्याच रांगेत माणसं. मोझांबिकहून आणलेले काळे गुलाम तिथे विकले जायचे. आर्चबिशपच्या पगारावरचा माणूस हे लिहितो, तेही खटकल्यासारखं नव्हे, बाजारभाव टिपल्यासारखं.

कॅथेड्रलच्या उरलेल्या मनोऱ्यात पाच घंटा आहेत. त्यांतली मोठी, जिला सोन्याची घंटा म्हणतात, ती १६५२ मध्ये कुंकळ्ळीला ओतली. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी १५८३ मध्ये पाद्र्यांविरुद्ध उठाव केला होता आणि त्याची जबर किंमत मोजली होती. राजधानीच्या सर्वांत मोठ्या चर्चची घंटा त्याच गावात घडावी, हा योगायोग म्हणून सोडून देणं जड जातं. इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा कॅथेड्रलला लागूनच होता. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य त्याच्या कोठडीत १६७४ ते १६७६ अशी दोन वर्षं होता. शिक्षा जाहीर करण्याच्या दिवशी सूर्योदयाआधी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागली आणि शहर जमा झालं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. वाडा आज नाही. देलाँच्या कैदेच्याच सुमारास इकडे खानदेशात, धरणगावात, इंग्रजांची कापडाची वखार होती आणि मराठ्यांच्या फौजा ती लुटत होत्या. १६८३ मध्ये संभाजीराजांनी गोव्यालाच घेरलं, जुवे बेटावर चढाई केली, तेव्हा व्हाइसरॉय धावत गेला तो बॉम जीझसमध्ये. अधिकाराचा दंड त्याने झेवियरच्या पार्थिवापाशी ठेवला. संकटात गादी कामाला आली नाही, संत आला. पर्यटक आजही त्याच क्रमाने जातात.

आत गेल्यावर घाईने फिरू नये. शिरताच बाप्तिस्म्याचं दगडी पात्र दिसतं, १५३२ सालचं. इमारतीपेक्षा ते जुनं. झेवियरने याच पात्राजवळ बाप्तिस्मे दिले असं सांगतात. पुढे मुख्य वेदीमागे सोनेरी कोरीवकामाची भिंत, आणि तिच्यावर सेंट कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग. लाकूड मुलायम कोरलेलं, सोनं जरा दडपणारं. वर पाहता पाहता मान अवघडते, म्हणून बाकावर बसून पाहिलेलं बरं. एका बाजूच्या चॅपलमध्ये चमत्काराचा क्रूस आहे. १६१९ मध्ये त्यावर ख्रिस्त दिसला अशी कथा. तो क्रूस वाढत गेला अशीही श्रद्धा आहे, आणि नवस बोलायला येणारे सगळेच ख्रिस्ती नसतात.

बाहेर येऊन इमारतीकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला मनोरा आहे, उजवीकडे नाही. दुसरा मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. बांधायला कोण होतं? साथींनी शहर पोखरलं होतं, व्हाइसरॉय त्याआधीच पणजीच्या बाजूला सरकला होता, आणि १८४३ मध्ये राजधानीही रीतसर तिकडे गेली. गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही, असं ज्या शहराबद्दल बोललं जायचं, तिथे चर्चं उरली आणि मधे गवत. १९८६ मध्ये युनेस्कोने या चर्चांना जागतिक वारशात घेतलं. झेवियरच्या अवशेषांचं दर्शन दहा वर्षांनी एकदा भरतं, तेव्हा पार्थिव बॉम जीझसमधून इथे आणतात. मागचं दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झालं.

वेळ उरला तर व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जावं आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरावं. मातेउश द कास्त्रो इथला, ब्राह्मण घरातला ख्रिस्ती. एकेकाळी आफ्रिकेपर्यंत हद्द असलेल्या गोव्याच्या आर्चबिशपने नदीपलीकडच्या या मुलाला पाद्री करायला नकार दिला. त्याने रोम गाठलं, तिथे दीक्षा घेतली, १६३७ मध्ये बिशप झाला आणि मग परतला. पोर्तुगीजांनी मानलं नाही, तेव्हा त्याने आपलं ठाणं त्यांच्या हद्दीबाहेर, आदिलशाही डिचोलीत थाटलं. से कॅथेड्रलच्या गादीवर आर्चबिशप म्हणून गोव्याचा माणूस बसायला मात्र १९७८ उजाडावं लागलं.