गोष्ट सांगा, नकाशा उघडा

आपली मुले भूगोल घोकून पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. नकाशावरच्या त्या देशांत त्यांच्या ओळखीचे कोणी राहत नाही, हे त्याचे कारण. ही ओळख गोष्टींनी करून द्यावी, असे आम्हाला वाटते. गोष्टी कोणत्या? बलवानाला बुद्धीने हरवणाऱ्या दुबळ्यांच्या.

आरंभ जातककथांपासून करावा. पाली संग्रहात त्या 547 आहेत. सुंसुमार जातकात गंगेतली मगर माकडाला पाठीवर घेऊन पाण्यात नेते. तिच्या जोडीदारणीला त्याचे काळीज हवे असते. माकड सांगते, काळीज तर काठावरच्या उंबराला टांगले आहे! आणि सुटते. आता नकाशा उघडा. नांदेडची गोदावरी दाखवा, तिला मिळणारी लातूरची मांजरा दाखवा. गोदावरी आणि गंगा एकाच बंगालच्या उपसागराला मिळतात, हे मूल मग विसरणार नाही.

अशीच गोष्ट कोरियात सशाची आहे. तो काळीज नव्हे, यकृत घरी राहिले म्हणून सांगतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माकडाला शार्क मासा नेतो. इंडोनेशियात चिमुकले हरीण मोजणीच्या निमित्ताने मगरींची रांग लावते आणि त्यांच्या पाठीवरून नदी ओलांडते. एकेका गोष्टीबरोबर एकेक समुद्र पाठ होतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचा अनान्सी हा धूर्त कोळी आहे. गुलामांच्या जहाजांतून त्याच्या गोष्टी अटलांटिक महासागर ओलांडून जमैकात गेल्या. माणसांच्या पायांत बेड्या होत्या, पण गोष्टींना बेडी घालता आली नाही. इथे मुलांना सांगा की जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केले. बाबासाहेबांनी 1946 साली कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. म्हणजे तो दूरचा देश आपल्या नात्यातला निघतो.

एक सावधगिरी मात्र हवी. चतुराई म्हणजे लबाडी नव्हे. बक जातकातला बगळा भोळ्या माशांना फसवून खातो, शेवटी खेकडा त्याची मान कापतो. जीव वाचवणारी बुद्धी आणि दुबळ्याला लुबाडणारी बुद्धी यांतला फरक मुलांनीच सांगावा. प्रज्ञेला करुणेची जोड का हवी, ते त्यांना तिथे कळेल.

यासाठी खर्च फार नाही. विहारात जगाचा एक नकाशा लावा. दर रविवारी एक गोष्ट सांगा आणि त्या ठिकाणी टाचणी टोचा. भोपळ्यात बसून वाघाला चकवणाऱ्या म्हातारीची गोष्ट आजीकडून ऐका. आजीला अक्षरओळख नसेल, तरी त्या दिवशी गुरू तीच. महाराष्ट्राच्या नकाशावर आईबाप ऊसतोडीला किंवा मजुरीला गेलेले गाव मुलाला शोधू द्या.

ज्याला नकाशावर आपले गाव सापडते, त्याला जगात आपली जागाही शोधता येते. येत्या रविवारपासूनच सुरुवात करू या. जयभीम!