लग्नाच्या केकला क्रीम कोणतं? आधी मांडव बघा!



साखरपुड्याला केक, हळदीला केक, रिसेप्शनला तर हवाच! आपल्या गटांतल्या कितीतरी ताई आता घरून केकच्या ऑर्डरी घेतात. वाढदिवसाचा अर्धा किलोचा केक हातखंडा झालाय. पण लग्नाचा दोन-तीन मजली केक म्हटलं की पोटात गोळा येतो. तो यायलाच हवा. वाढदिवस पुढच्या वर्षी परत येतो, लग्नाचा दिवस परत येत नाही.

आमच्याच गटाची गोष्ट सांगते. मे महिन्यात हळदीसाठी चार किलोचा केक होता. मुलीने मोबाइलवर फोटो दाखवला, आम्ही हुबेहूब तसा केला. पांढरंशुभ्र व्हिप क्रीम, वर गुलाबाची फुलं. घरातून निघाला तेव्हा बघत राहावं असा होता. केक कापायची वेळ सातची ठरली होती, पाहुणे यायला साडेआठ झाले. तोवर केक अंगणातल्या मांडवात, हॅलोजनखाली. फुलं घसरली, वरचा मजला एका बाजूला कलला. मुलीची आई एका शब्दाने बोलली नाही, पण आम्हीच निम्मे पैसे परत केले. चूक आमची होती. आम्ही फोटो नीट बघितला, मांडव कुठे आहे ते विचारलंच नाही.

म्हणून हा लेख. क्रीम फोटो बघून ठरवायचं नाही. केक कुठे, किती वाजता आणि किती वेळ उभा राहणार, ते बघून ठरवायचं.

क्रीम ढासळतं का?

थंडीत पहाटे खोबरेल तेलाची बाटली थिजते, जरा उन्हात ठेवली की पातळ होते. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. प्रत्येक स्निग्ध पदार्थाचा असा आपला आकडा असतो. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा ३२-३३ च्या आसपास असतो. त्यात मांडवाचा पत्रा, दिवे आणि माणसांची गर्दी. म्हणजे बटरला वितळायला फार काही लागत नाही.

दुसरा शत्रू दमट हवा. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? साखरेचंही तसंच. जास्त साखरेचं आवरण हवेतलं पाणी ओढून चिकट होतं.

कोणतं क्रीम कुठे चालतं?

*व्हिप क्रीम (नॉन-डेअरी).* आपण जास्त वापरतो ते हेच. हलकं, कमी गोड, फेटल्यावर तिप्पट-चौपट फुगतं, म्हणून परवडतं. पाकीट उणे १८ अंशांवर ठेवायचं, आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली आणायचं आणि थोडे बर्फाचे कण असतानाच फेटायचं. भांडंही गार हवं. एकदा सुटलेलं पाकीट परत गोठवू नका. एसी हॉलमध्ये आणि वेळेवर कापणार असतील तर हे उत्तम. उघड्या मांडवात उन्हाळ्यात आमच्या अनुभवाने पाऊण तासात कडा सैल पडतात.

*दुधाचं फ्रेश क्रीम.* भाजीत घालायचं जे पाकीट मिळतं त्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. ते नीट फुगत नाही, त्याला ३० टक्क्यांच्या वर लागतो. शिवाय ते नासतं. लग्नाच्या केकला बाहेरून हे लावूच नका.

*बटरक्रीम.* एक भाग बटर, दोन भाग आयसिंग शुगर. गोड लागतं, पण फुलं सुबक येतात. डिसेंबर-जानेवारीच्या लग्नांना चांगलं. उन्हाळ्यात करायचंच असेल तर थोडं बटर कमी करून तेवढं बेकरीचं शॉर्टनिंग घालतात. ते घेताना पाकिटावर ट्रान्सफॅट किती लिहिलंय ते वाचा. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात कारखान्यात तयार होणारं ट्रान्सफॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. सुटं, बिनलेबलचं शॉर्टनिंग घेऊ नका.

*गनाश.* गरम क्रीममध्ये चॉकलेट वितळवून केलेलं आवरण. डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग, पांढऱ्या चॉकलेटला तीन भागांस एक. उन्हाळ्यात चॉकलेटचं प्रमाण आणखी वाढवा. रात्रभर ठेवलं की लोण्यासारखं घट्ट होतं आणि केकला कवच मिळतं. मे महिन्याच्या मांडवात व्हिप क्रीमपेक्षा हे नक्कीच जास्त वेळ तग धरतं. महाग पडतं, पण निम्मे पैसे परत करण्यापेक्षा स्वस्तच.

*फाँडंट.* साखरेची पोळी लाटून केकवर चढवतात ती. घडीव, गुळगुळीत दिसते. पण दमट हवेत चिकट आणि चकचकीत होते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. व्हिप क्रीमवर फाँडंट चढवायचं नाही, त्यातल्या पाण्याने ते विरघळतं; खाली गनाश किंवा बटरक्रीम हवं. आणि फ्रीजमधून काढल्यावर खोका लगेच उघडायचा नाही, नाहीतर केकला घाम फुटतो. काही फाँडंटमध्ये जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून बनतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या. शाकाहारी घरंही विचारतात, मुसलमान घरंही.

*काजूचं आवरण.* गोव्यात बदामाऐवजी काजूचं मार्झिपान करतात. आपण काजूकतली लाटतो, त्यातलाच प्रकार. काजू तर आपल्या दारचा! सगळा केक झाकायला महाग पडेल, पण वरची फुलं-पानं काजूची केली तर ती उन्हात वितळत नाहीत आणि लोक आवडीने खातात.

हापूसचा मोह

रत्नागिरी म्हटलं की गिऱ्हाईक आंबा मागणारच. पण कच्चा रस क्रीममध्ये ओतला की क्रीम पातळ होतं. रस मंद आचेवर आटवून, पूर्ण गार करून मगच घाला, आणि तोही मधल्या थरात. बाहेरच्या क्रीमला थोडासाच. ताज्या फोडी लावायच्या तर कापायच्या वेळी, जागेवर.

ऑर्डर घेताना वहीत लिहा

१. केक कुठे ठेवणार? एसी हॉल, साधा हॉल की अंगणातला मांडव?
२. महिना कोणता, कापायची वेळ काय? त्यात एक तास उशीर धराच.
३. तिथे फ्रीज आहे का? लाइट गेली तर जनरेटर आहे का?
४. अंड्याचा की बिनअंड्याचा?
५. रस्ता किती, गाडी कोणती?

उघडा मांडव आणि उन्हाळा असेल तर स्पष्ट सांगा, "ताई, फोटोतलं क्रीम इथे टिकणार नाही. गनाशवर करून देते, दिसायला तसाच होईल." तरी ऐकत नसतील तर वेळ बांधून घ्या. केक आपण कापायच्या अर्धा तास आधीच आणायचा, आणि तसं वहीत लिहून सही घ्यायची. तेही नको असेल तर ऑर्डर सोडा. नाही म्हणायलाही धाडस लागतं, पण गटाचं नाव त्यानेच राहतं.

नेताना मजले वेगवेगळ्या खोक्यांत न्या, जागेवर एकावर एक चढवा. थर्माकोलची पेटी आणि बर्फ आपल्याकडे कुठेही मिळतो. पण पेटी कोरी घ्या हं, मासळीची धुतलेली नको. वास केकला लागतोच.

भाव कसा सांगायचा?

क्रीमचं भांडं सजवायच्या आधी वजन करा, सजवून झाल्यावर परत करा. फरक निघेल तेवढं क्रीम लागलं. असं दोन-तीन केकला केलंत की किलोमागे खरा खर्च कळतो. त्यात बर्फ, गाडीभाडं आणि आपली मजुरी धरा. आपली मजुरी आपण नेहमी विसरतो! निम्मी रक्कम आगाऊ घ्या. आणि घरून विकत असलात तरी एफएसएसएआयची नोंदणी हवी, ती राहिली असेल तर आधी करून घ्या.

पुढच्या बैठकीत हे करून बघा

चार वाट्या घ्या. एकीत व्हिप क्रीम, दुसरीत बटरक्रीम, तिसरीत गनाश, चौथीत फाँडंटचा तुकडा. दुपारी चार वाजता अंगणात सावलीला ठेवा आणि बैठक सुरू करा. बचत गोळा होईपर्यंत एकदा बघा, कर्जाचा हिशोब संपल्यावर परत बघा. कोणतं किती मिनिटांत सैल पडलं ते इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. तुमच्या गावच्या हवेत काय टिकतं ते त्या पानावरून कळेल, मोबाइलवरच्या फोटोवरून नाही.

लग्नसराई जवळ आलीय. वाट्या मांडा, आणि मगच ऑर्डर घ्या.