वऱ्हाडी विद्यार्थी आणि इंग्रजी शब्दांची अर्थकक्षा

मराठी विद्यार्थ्याने इंग्रजी शब्द चुकीचा योजला म्हणजे त्याचे पाठांतर कच्चे, असा निर्णय बहुधा तत्काळ दिला जातो. वस्तुतः अशा पुष्कळ चुका मातृभाषेतील अर्थविभागणीस धरूनच झालेल्या असतात. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यातील शब्दव्यवहार या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

प्रथम सर्वपरिचित उदाहरण घेऊ. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ या क्रियापदांची गल्लत मराठी भाषकाकडून हमखास होते. मराठीत व्यवहार एकच, उसनवारीचा. त्याची दिशा ‘देणे’ व ‘घेणे’ ही क्रियापदे दाखवितात. इंग्रजीत दिशा शब्दाच्या पोटातच असते. मात्र ‘रेंट’ हा शब्द भाड्याने देणे व घेणे या दोन्ही अर्थी चालतो, त्यामुळे इंग्रजी याबाबतीत सर्वत्र काटेकोर आहे असेही नव्हे. सावलीसाठी ‘शेड’ व ‘शॅडो’, बोटासाठी ‘फिंगर’ व ‘टो’ ही याच जातीची उदाहरणे होत.

याहून फसवे शब्द ते, जे विद्यार्थ्यास आधीच येत असतात. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला, 1867 मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचला, आणि कापसाच्या व्यापाराबरोबर इंग्रजी शब्दही बाजारपेठेत उतरले. ते शब्दकोशातून आले नाहीत, कामातून आले. म्हणून एकेका कामापुरताच अर्थ घेऊन आले. कापूस ‘जिनात’ जातो, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात. ‘प्रेस’मध्ये रुईच्या गाठी बांधल्या जातात. पुढे पाठ्यपुस्तकात ‘प्रेस’ हा शब्द वृत्तपत्रांसाठी येतो किंवा ‘जिन’ हे मद्याचे नाव म्हणून येते, तेव्हा विद्यार्थी थबकतो. यंत्रवाचक ‘जिन’ हा ‘इंजिन’ शब्दाचाच सगोत्र. मद्यवाचक ‘जिन’ मात्र डच भाषेतील एका वनस्पतिनामावरून आलेला. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. स्वस्त धान्याच्या दुकानास ग्रामीण बोलीत ‘कंट्रोल’ म्हणतात. त्यामागे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धान्यनियंत्रण आहे. ‘कंट्रोलवर गेलो होतो’ या वाक्याचे शब्दशः इंग्रजी केल्यास परीक्षकास अर्थबोध होणार नाही, आणि गुण जातील ते विद्यार्थ्याचे.

आता याची उलट बाजू पाहावी. झाड ती कपाशी किंवा पऱ्हाटी, वेचलेला तो कापूस, सरकी काढल्यावर उरते ती रुई. शेतकऱ्याच्या घरातील मूल हे भेद शाळेत जाण्यापूर्वीच जाणते. सामान्य इंग्रजी बोलण्यात या तिन्हींस ‘कॉटन’ हा एकच शब्द पुरतो. शिवाय सूत आणि कापडही त्यातच येते. सरकीसह असलेल्या कापसास ‘सीड कॉटन’ व रुईस ‘लिंट’ म्हणतात, पण हे शब्द व्यापाराच्या परिभाषेतील. शालेय पुस्तकांत ते क्वचितच भेटतात. परिणामी जेथे विद्यार्थ्याचे ज्ञान अधिक सूक्ष्म, तेथेच त्याचे इंग्रजी तोकडे दिसते. हा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होय.

वाक्प्रचारांत ही अडचण अधिक गहन होते. ‘स्पिन अ यार्न’ याचा शब्दार्थ सूत कातणे; रूढार्थ मात्र लांबलचक, बहुधा अविश्वसनीय कथा सांगणे. मराठीत सुताचा संसार निराळाच आहे: दोघांचे सूत जमते, आणि अल्प पुराव्यावर मोठा निष्कर्ष काढणारा सुतावरून स्वर्ग गाठतो. वस्तू एक, परंतु तीवरून दोन्ही भाषांनी काढलेले अर्थ परस्परांस अनोळखी. उलट ‘मेक एंड्स मीट’ या प्रयोगात हाताचा अथवा तोंडाचा उल्लेखही नसताना ‘हातातोंडाची गाठ पडणे’ हा मराठी प्रयोग त्याच्या पुष्कळ जवळ जातो. शब्दास शब्द ठेवणारी यादी या दोन्ही ठिकाणी निरुपयोगी ठरते. ‘जिन’ शब्दाचा अर्थ विचारताना विद्यार्थ्याकडून त्याच्या गावचे एक वाक्य आणि पुस्तकातील एक वाक्य अशी दोन वाक्ये शेजारी लिहून घेतली, तर अर्थाची सीमा त्याची त्यालाच दिसते.