रस्त्यात बंद पडलेली फूड बस : दुरुस्तीचा खरा खर्च कसा मोजायचा?

जुनी शाळेची मिनीबस घेऊन तिचं फिरतं हॉटेल करायचं, हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. किचन कसं बसवायचं, मेनू काय ठेवायचा, हे आपण व्हिडिओत बघितलं. आज त्या बाजूबद्दल बोलू, जिच्याबद्दल गाडी विकणारा कधी बोलत नाही. बारा-पंधरा वर्षं चाललेली गाडी कधी ना कधी रस्त्यात उभी राहणारच. त्या अर्ध्या तासात तुम्ही काय ठरवता, त्यावर महिन्याचा नफा ठरतो.

उदाहरण घेऊ. उद्या साताऱ्याजवळच्या जत्रेत तुमचा स्टॉल लागायचा आहे. पुण्याहून निघालात आणि खंबाटकीच्या चढावर गाडी तापली. काटा लाल रेषेवर, बॉनेटमधून वाफ. आता काय?

आधी माणसं, मग गाडी, मग धंदा

गाडी डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर चालू करा, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. चढावर असाल तर दगड चाकाच्या मागच्या बाजूला. लाल त्रिकोण बराच मागे ठेवा, म्हणजे मागून येणाऱ्याला ब्रेक मारायला वेळ मिळेल. माणसं गाडीत बसवू नका, रस्त्यापासून लांब उभी करा. आपल्या गाडीत सिलिंडर आहे, तेव्हा तो मेन व्हॉल्व्हला बंद आहे ना हे स्वतः हात लावून बघा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 आणि तातडीच्या मदतीसाठी 112, हे दोन नंबर गाडीत लिहूनच ठेवा. आणि हो, निघताना ते दगड उचला. आपला दगड दुसऱ्याच्या चाकाखाली यायला नको.

रोग ओळखा, नुसतं लक्षण नको

तुम्हाला मेकॅनिक व्हायचं नाही. पण मेकॅनिकला फोनवर नीट सांगता आलं, तर तो योग्य सामान घेऊन येतो. नाहीतर त्याची एक फेरी आणि तुमचा एक दिवस फुकट जातो. जुन्या डिझेल गाडीत तीन तक्रारी नेहमीच्या:

*1. गाडी तापली.* इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. तोवर बाहेरूनच बघा: फॅन बेल्ट तुटलाय का, होज पाईप फाटलाय का, वॉटर पंपाखाली ओल आहे का. गाडी थंड झाल्यावर ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं, तर पाणी ऑइलमध्ये मिसळलंय. बहुतेक हेड गॅस्केट गेलं. मग सेल्फ मारायचा नाही, टोचनच करायचं.

*2. चालता चालता दम तोडून बंद पडली.* सेल्फ फिरतो पण गाडी उचलत नाही. डिझेल संपलं किंवा पाईपच्या जोडातून हवा आत गेली की लाइनमध्ये एअर धरते. जुन्या पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारतात आणि बुडबुडे थांबले की स्क्रू आवळतात. हे ड्रायव्हरला एकदा गॅरेजमध्ये करून दाखवायला सांगा. पण एअर पुन्हा पुन्हा धरत असेल, तर जोड किंवा वायसर बदलल्याशिवाय सुटका नाही.

*3. सेल्फच फिरत नाही.* मल्टिमीटर लावा. 12 व्होल्टची चांगली चार्ज बॅटरी साधारण 12.6 दाखवते आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. चालू गाडीतही आकडा 12 च्या आसपासच राहिला, तर बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. गाडी 24 व्होल्टची असेल तर आकडे दुप्पट धरा.

बदललेल्या बसचे खास आजार

हा मुद्दा साधा मेकॅनिकही कधी कधी सोडून देतो, कारण तो बस बघतो, तुमचा धंदा बघत नाही. 300 लिटरची पाण्याची टाकी भरली की 300 किलो. वर ओटा, फ्रिज, जनरेटर, सिलिंडर. शाळेची मुलं उतरली, पण वजन उतरलं नाही. आणि मुलं दोन्ही बाजूंना बसायची, तुमचा सगळा संसार एकाच बाजूला. त्यामुळे त्या बाजूचे पाटे बसतात, टायर झिजतात, चढावर इंजिन तापतं आणि उतारावर ब्रेक तापतात. म्हणून पूर्ण भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्या आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा.

दुसरं, समोरच्या जाळीवर धंद्याचा फ्लेक्स लावलेला असतो. दिसायला छान, पण रेडिएटरची हवा बंद. तिसरं, फ्रिज आणि लाइट इंजिनच्याच बॅटरीवर चालतात. रात्री आइस्क्रीम गार राहतं, सकाळी गाडी उठत नाही. दुकानाची बॅटरी वेगळी ठेवा आणि वायरला फ्यूज लावा.

पाणी ओतून निघायचं की टोचन?

आता खंबाटकीकडे परत येऊ. होज फाटलाय, पाणी गळतंय. कुणीतरी म्हणणार, "पट्टी गुंडाळा, पाणी भरत भरत चला, काही होत नाही." इथे भावनेवर जाऊ नका, वही काढा. पुढचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा रोजची विक्री 6,000 आणि मालाचा खर्च 2,700. म्हणजे एक दिवस बंद म्हणजे 3,300 गेले. यात पगार आणि हप्ता वेगळा मिळवू नका, तो याच 3,300 मधून जाणार होता.

पहिला पर्याय, टोचन: 4,000 टोचनचे, 6,500 होज आणि रेडिएटरच्या कामाचे, दोन दिवस बंद म्हणजे 6,600. एकूण 17,100.

दुसरा पर्याय, तसंच चालवायचं. पोचलात, तरी काम करावंच लागणार: 6,500 आणि एक दिवस बंद म्हणजे 3,300, एकूण 9,800. पण वाटेत हेड गेलं तर? 35,000 चं काम, 4,000 टोचन, दहा दिवस बंद म्हणजे 33,000. एकूण 72,000.

म्हणजे 7,300 रुपये वाचवण्यासाठी तुम्ही 54,900 रुपये पणाला लावताय. कधी कधी हा जुगार लागतोही. पण तो लागला म्हणून त्याला शहाणपण म्हणायचं नाही. जत्रेच्या आयोजकाला लगेच फोन करा, नाशवंत माल ओळखीच्या हॉटेलला कमी भावात द्या, आणि टोचन बोलवा.

गॅरेजमध्ये एक प्रश्न नक्की विचारा

"काय खराब झालं?" एवढ्यावर थांबू नका. "ते खराब का झालं?" हे विचारा. नुसता होज बदलला आणि जाम झालेला रेडिएटर तसाच राहिला, तर पुढच्या घाटात तोच कार्यक्रम. खर्चाचा अंदाज लिहून घ्या, काढलेले जुने पार्ट परत मागा, आणि तारीख, किलोमीटर, काम, रक्कम अशी वही ठेवा. वर्षभरानंतर तीच वही सांगेल की गाडी ठेवायची की विकायची. दुरुस्ती आणि बंद दिवस मिळून होणारं नुकसान दुसऱ्या गाडीच्या वर्षाच्या हप्त्याएवढं झालं, की विकायचा विचार सुरू करा.

घरून निघण्याआधी

गाडीत एक पेटी हवी: फॅन बेल्ट, होज आणि क्लिप, डिझेल फिल्टर, फ्यूज, कूलंट, टॉर्च, पाने, मल्टिमीटर. गल्ल्यातून रोज ठरावीक रक्कम गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाका. रोज 300 टाकले, तर महिन्याच्या 25 दिवसांत 7,500 होतात. वरच्या उदाहरणातलं गॅरेजचं बिल त्यातून निघतं.

आणि कागद. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, आरसीवरच्या मूळ माहितीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. कागदावर शाळेची बस आणि रस्त्यावर स्वयंपाकघर असेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. आरटीओची नोंद, पासिंग आणि विमा या तिन्ही ठिकाणी तुमची गाडी जशी आहे तशीच दिसली पाहिजे.

आजचा गृहपाठ: तुमचा धंदा एक दिवस बंद राहिला तर किती रुपये जातात, तो आकडा काढा आणि ड्रायव्हरच्या सीटसमोर चिकटवा. रस्त्यात कुणी "चला हो, काही होत नाही" म्हटलं, की आधी त्या आकड्याकडे बघा.