प्रवासाची खरी शिदोरी

कल्याण जंक्शनवर कर्जत आणि कसारा या दोन्ही मार्गांच्या लोकल येतात. लांब पल्ल्याच्या गाड्याही थांबतात. याच गर्दीतून आपल्या किशोरवयीन मुली क्लाससाठी ठाण्याला जातात. मुलींची तस्करी करणारा मनुष्य बहुधा हात धरून ओढत नाही. तो गोड बोलतो, नोकरीचे, अभिनयाचे वा विवाहाचे आमिष दाखवतो आणि हळूच बजावतो, "घरी सांगू नकोस." धोक्याची खूण हीच.

रेल्वे सुरक्षा दलातील उपनिरीक्षक रेखा मिश्रा यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर शेकडो मुलामुलींची सुटका केली. दहावीच्या मराठी पाठ्यपुस्तकात त्यांच्या कार्यावर पाठ आला. त्यांना सापडलेल्यांपैकी अनेक मुले घरातील भांडणानंतर, तर काही समाजमाध्यमावरील मित्राला भेटण्यासाठी निघालेली होती.

म्हणून शिकवण घरापासूनच हवी. अनोळखी व्यक्तीने दिलेले खाऊ-पाणी घेऊ नये. आईवडिलांचे क्रमांक तोंडपाठ असावेत. कोणी पाठलाग केल्यास महिला डब्यात किंवा गणवेशातील पोलिसाजवळ जावे आणि "मी यांना ओळखत नाही" असे मोठ्याने म्हणावे. रेल्वेसाठी १३९, मुलांसाठी १०९८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

अनोळखी गिऱ्हाइकाला उधार देताना व्यापारी दहा वेळा विचार करतो. तीच सावधगिरी लेकीला द्यावी. सोबत एक अभयही द्यावे : "चूक झाली तरी फोन कर. आधी घ्यायला येऊ, बोलणे नंतर."