मागणी कोणाची, पुरवठा कोणाचा?

येत्या पाच-दहा वर्षांत डिजिटल कौशल्याची किती माणसे लागतील, याचे अंदाज बांधणे हा आता सरकारी योजनांचा नेहमीचा भाग झाला आहे. ही मोजणी मालवण तालुक्यातील तारकर्लीला लावून पाहा, म्हणजे तिची गोम कळेल.

सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्लीत पर्यटन महामंडळाचे निवास आहे, स्कुबा डायव्हिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे. बाकी बराचसा धंदा घरगुती: चार-पाच खोल्यांची निवास-न्याहारी, एखादी होडी, एखादी खाणावळ. आज खोली मोबाइलवरून बुक होते, पैसे यूपीआयने येतात, पाहुण्याने टाकलेला एक वाईट अभिप्राय गिऱ्हाईक तोडतो. काम आहे; पण नोकरी म्हणून ते कुठे नोंदलेले नाही. रिक्त जागा कळवण्याच्या १९५९ च्या कायद्याचे बंधन २५ किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांवरच होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही लहान आस्थापना वगळल्याच. मग कागदावर तारकर्लीची मागणी जवळजवळ शून्य!

पुरवठ्याचा आकडा मात्र फुगतो. २००१ पासून एमएस-सीआयटी आला. सरकारी नोकरीची अट म्हणून आपल्या वस्त्यांतील मुलामुलींनी पदरमोड करून तो केला. प्रमाणपत्र मिळाले की माणूस कुशल, असा हा हिशेब. पण ज्या नोकरीसाठी ते घेतले तीच कंत्राटावर गेली तर? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. अतिकुशल ते अकुशल असे माणसांचे चार गट पाडले. असंतोष उसळल्यावर ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. मागणी वाढणार की घटणार, एवढेच हे अंदाज सांगतात. ती आरक्षणाच्या कक्षेत राहणार की बाहेर जाणार, हे कोण सांगणार?

किनाऱ्यावरच्या धंद्यात शिरायचे तर आधी जागा हवी. घर समुद्राला लागून असेल त्याची निवास-न्याहारी, आणि बुकिंग सांभाळायला त्याच्याच घरातला पोरगा. तिथे प्रमाणपत्र कोण विचारतो? कोकणात जमीन कोणाच्या हाती होती हे, खोतीविरुद्ध १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना सांगायला नको. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षण त्यांच्याच खात्याकडे होते आणि सेवायोजन कार्यालयांची पायाभरणीही त्याच काळातली. शिकवणारे खाते आणि काम शोधून देणारे खाते तेव्हा एकच होते.

त्यात पायाच जुना. २०२१ ची जनगणना झाली नाही. सिंधुदुर्गची ८ लाख ४९ हजार लोकसंख्या २०११ ची आहे. त्यानंतर मुंबई-गोव्याला गेलेला तरुण त्यात कुठे शोधायचा? २०२७ च्या जनगणनेत जात नोंदवण्याचे केंद्राने जाहीर केले आहे, पण तोवर थांबायचे कारण नाही. मालवण तालुक्यातील कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत जाऊन विचारावे: कोर्स कोणता केला, त्याला पैसे किती गेले, त्यातून काम कोणते मिळाले, आणि किनाऱ्यावर ऑनलाइन कामाचा पगार नेमका कोण घेतो. ही यादी ग्रामसभेत वाचावी आणि जिल्हा नियोजन समितीकडे पाठवून पोच घ्यावी. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी.