देव पाण्यांत, संत मातींत

सोलापुरांतील भवानी पेठेंतलें आमचें जुनें घर मीं विकावयास काढिलें आहे. गिऱ्हाईक येतें, भिंती न्याहाळतें, चहा घेतें आणि पुन्हां फिरकत नाहीं. हें कळतांच अमेरिकेंत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें लिहिलें, "गुरुजी, अंगणांत संत जोसेफाची मूर्ति पुरा!"

प्रथम हंसूं आलें. मग चौकशी केली. जोसेफ हा येशूचा पालक-पिता, धंद्यानें सुतार. म्हणून घरादाराचा कैवारी. १८७० सालीं नववे पोप पायस ह्यांनीं त्यास साऱ्या कॅथॉलिक चर्चचा संरक्षक ठरविलें. अमेरिकेंत घर खपेनासें झालें म्हणजे कित्येक लोक त्याची वीतभर मूर्ति, बहुधा डोकें खालीं करून, अंगणांत पुरतात व प्रार्थना करितात. घर विकलें कीं ती उकरून नव्या घरीं सन्मानानें मांडावयाची. ह्या चालीचा संबंध सोळाव्या शतकांतील अव्हिलाच्या संत तेरेसेशीं जोडतात, पण ती दंतकथाच दिसते. चाल फोफावली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. आतां तर मूर्ति व प्रार्थनेचा कागद असा संचच दुकानांत मिळतो! चर्चचा हा विधि नव्हे. कित्येक धर्मगुरूंस तो रुचतही नाहीं.

आपल्याकडे वांद्र्यास मोतमाउलीची जत्रा सप्टेंबरांत भरते. तेथें मेणाचे हात, पाय, बाळें आणि घरेंही विकावयास असतात. ज्यास घर हवें तो मेणाचें घर वाहतो. त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. मुंबईकरास घर मिळण्याची विवंचना, अमेरिकनास तें खपण्याची!

मेणाचें घर वाहणें हा अर्ज झाला. संतास उलटें पुरणें ही मात्र अडवणूक. परंतु आपण तरी हंसावें कसें? पाऊस लांबला म्हणजे महादेवाची पिंडी पाण्यांत बुडवून ठेवणारे आपणच. काम होईतों देव पाण्यांत घालून बसणें ही तर आपली नित्याची बोली. मूर्ति पुरणारा बहुधा किंमतही उतरवितो, रंगही देतो. घर खपलें कीं श्रेय संताचें, न खपल्यास त्याची गोष्ट कोणी सांगत नाहीं.

मीं पुढील भिंतीस चुना दिला आणि किंमत थोडी उतरविली. तुळशीवृंदावनाशेजारीं खड्डा खणावयास मन होईना. ह्या घरांत आमच्या तीन पिढ्या नांदल्या. माझ्या पत्नीनें तर चाळीस वर्षें त्या तुळशीस पाणी घातलें. काल सकाळीं देवघरांत पाहतों तों बाळकृष्ण तांब्याच्या ताम्हनांत, पाण्यांत बसलेला! घर विकलें जावें म्हणून, कीं जाऊं नये म्हणून, हें विचारण्याचा धीर मला झाला नाहीं.